न जळलेलं घर

सॉरेल ग्रोव्ह, जॉर्जिया
६ फेब्रुवारी १८८८

प्रिय हेस्टर,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकली असशील. तू इथून गेलीस त्याला पंधरा वर्षं झाली. तुझा पत्ता सव्हानाच्या तुमच्या पाद्रीबाबांनी दिला. ते सांगत होते, ओहायोत तुझं टोप्यांचं दुकान आहे, नवरा लोहार आहे आणि गावोगावच्या बायका तुझ्याकडून टोप्या शिवून नेतात. ऐकून आनंद वाटला. सुई धरायला तुला माझ्या आईनं शिकवलं, हे तू विसरली नसशील.

इथं मी एकटीच आहे. आईला जाऊन दहा वर्षं झाली. भाऊ मला नव्हताच. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो युद्धातून परतला नाही, हे तुला माहीत आहेच. उरलं आहे ते क्वार्ल्स हे नाव, आणि त्या नावासाठीच हे पत्र.

आपल्या जिल्ह्यातल्या मान्यवर घराण्यांचा इतिहास छापायचं ठरलं आहे. त्यासाठी एक कमिटी नेमली आहे. आमच्या घराण्याचं प्रकरण मी स्वतः लिहून दिलं: आजोबांनी दलदल उपसून शेतं कशी काढली, माझ्या वडिलांनी, कर्नलसाहेबांनी, पलटण कशी उभी केली, सगळं. पण कमिटीत मिसेस स्टॉलिंग्ज बसल्या आहेत. चौसष्टच्या डिसेंबरात उत्तरेची यांकी फौज नदीकाठानं आली तेव्हा त्यांचं घर जळलं, सगळ्यांचीच जळली, आमचं तेवढं राहिलं. हे त्यांच्या पोटात चोवीस वर्षं दुखतं आहे. आता त्या उघड म्हणतात की क्वार्ल्सांनी शत्रूच्या अंमलदारांना जेवू घातलं आणि शेजाऱ्यांनी पुरून ठेवलेलं धान्य दाखवून दिलं. कमिटीनं आमचं प्रकरण बाजूला ठेवलं आहे.

खरं काय झालं ते तुला ठाऊक आहे. आई एकटी दारात उभी राहिली. म्हणाली, 'हे घर जाळायचं तर माझ्या अंगावरून जा.' आणि तो अंमलदार मान खाली घालून निघून गेला. मी तेव्हा मेकनला मावशीकडे होते. त्या दिवशी घरात असलेल्यांपैकी आज तू एकटीच हयात आहेस. जुन्या, इमानी नोकराची साक्ष कमिटीला फार मोलाची वाटते. तेवढी लिहून पाठव. जुन्या प्रेमाखातर.

तुझी,
ऑगस्टा क्वार्ल्स

---

झिनिया, ओहायो
१ मार्च १८८८

मिस ऑगस्टा क्वार्ल्स यांस,

पत्र मिळालं. टोप्या मी शिवत नाही, घडवते. शिवतात ते उशांचे अभ्रे. आणि सुई धरायला मला माझ्या आईनं शिकवलं. मोठ्या बाईसाहेबांनी शिकवलं ते घातलेले टाके उसवायला.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. तुम्ही नव्हतात, तेव्हा तुम्हाला तुमच्या आईनं सांगितलं तेवढंच माहीत असणार.

धुरळा दिसायला लागला तशा मोठ्या बाईसाहेब स्वयंपाकघरात आल्या. माझ्या आईचे दोन्ही हात त्यांनी धरले. तोवर त्यांनी तिचा हात कधी धरलेला मी पाहिला नव्हता. म्हणाल्या, 'टेंपी, घर वाचव. घर वाचलं तर टायटस कुठं आहे ते मी तुला सांगेन.' मग त्या मांस धुरवायच्या खोलीत गेल्या आणि आम्ही बाहेरून आगळ घातली.

दारात उभी राहिली ती माझी आई. मी तिच्या मागं होते. अंमलदार तरुण होता. त्याच्या शिपायांच्या हातात पलिते होते.

'घरात कोण आहे?' त्यानं विचारलं.

'तीन पोरं आहेत साहेब, वरच्या खोलीत. देवीनं फणफणली आहेत. जाळायचं तर जाळा, पण आधी त्यांना खाली आणून तुमच्या माणसांजवळ ठेवते.'

'मालकीण कुठाय?'

'ती परवा गेली.'

'कुठं?'

'देवीचा रोगी जिथं जातो तिथं. बघायचं असेल तर अजून पुरलेली नाही.'

त्यानं नाकाला रुमाल लावला, घोडा मागं घेतला, आणि सगळे तिथून थेट स्टॉलिंग्जांकडे गेले. जेवू कुणी घातलं नाही, धान्य कुणी दाखवलं नाही. तेवढं मी शपथेवर लिहून देईन. मोठ्या बाईसाहेब तेव्हा टांगलेल्या डुकरांच्या मांड्यांमागं आपल्याच मरणाची बातमी ऐकत बसल्या होत्या.

संध्याकाळी आईनं विचारलं, 'बाईसाहेब, माझा टायटस?' तर म्हणाल्या, 'मला गं काय ठाऊक. कर्नलसाहेबांनी गुलामांच्या व्यापाऱ्याला दिला. व्यापाऱ्यानं कुठं नेला ते देवाला माहीत.'

ती गोष्ट युद्धाच्या आधीची. माझा भाऊ टायटस पंधरा वर्षांचा होता. जेवणाच्या टेबलाशी वाढत होता. एक परगावचा पाहुणा त्याच्याकडं बघून कर्नलसाहेबांना म्हणाला, 'तुमचा मुलगा तुमच्यावर गेलाय अगदी.' तुम्ही तिथं होतात, मिस ऑगस्टा, चौदा वर्षांच्या. त्याच आठवड्यात त्याला नेलं.

तुम्हाला साक्ष हवी आहे. मला माझा भाऊ कुठं आहे ते हवं आहे.

हेस्टर टॉलिव्हर

---

सॉरेल ग्रोव्ह
१९ मार्च १८८८

हेस्टर,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि चुलीत टाकलं. उत्तरेकडच्या हवेनं माणसाची जीभ इतकी बदलते हे मला ठाऊक नव्हतं. माझी आई डुकराच्या मांड्यांमागे लपली होती, असं मी मिसेस स्टॉलिंग्जना वाचून दाखवू? त्या जन्मभर तेच सांगत फिरतील. खरं असतं तरी असं लिहिण्यासारखं नव्हतं, आणि ते खरं नाही. तू तेव्हा घाबरलेली होतीस. घाबरलेलं माणूस काहीबाही पाहतं.

माझ्या वडिलांबद्दल तू जे सुचवलं आहेस त्याला मी उत्तर देणार नाही.

टायटसचं मला काही माहीत नाही. आईलाही नव्हतं. तुझ्या आईला आम्ही कधी घालूनपाडून बोललो नाही. युद्धानंतर मोकळीक मिळाल्यावर सगळे गेले, माळी गेला, गाडीवान गेला, ज्यांना आम्ही लहानाचं मोठं केलं ते पाठ फिरवून गेले. टेंपीमावशी गेली नाही. का गेली नाही? तिचं या घरावर प्रेम होतं म्हणून. त्या प्रेमाची तरी आठवण ठेव.

सोबत मजकूर पाठवते आहे. तुझ्या अक्षरात उतरवून खाली सही कर. जमलं तर मीही जुन्या ओळखीच्या लोकांकडे टायटसची चौकशी करून पाहीन.

ऑगस्टा क्वार्ल्स

---

झिनिया
९ एप्रिल १८८८

मिस ऑगस्टा,

आई का गेली नाही ते सांगते. इतकी वर्षं तुम्ही ते मानानं मिरवत आहात, तेव्हा माहीत असलेलं बरं.

मोकळीक मिळाली त्या वसंतात मी गाठोडं बांधून दारात उभी होते. आम्ही सव्हानाला जाणार होतो. तिथं शाळा निघाली होती, मला शिकायचं होतं. आई चुलीपुढून हलेना. मी म्हटलं, 'चल ना, आता कुणी अडवत नाही.'

ती म्हणाली, 'आणि तो आला तर?'

'कोण?'

'टायटस. आता तोही मोकळा असेल. तो मला कुठं शोधेल? त्याला एवढंच घर माहीत आहे.'

मी खूप समजावलं, भांडले. ती म्हणाली, 'तू जा, मी इथंच आहे.' तिला एकटीला टाकून मला जाववेना. म्हणून आम्ही राहिलो. आठ वर्षं तिनं तुमच्या चुलीपुढं काढली ती तुमच्या घरावरच्या प्रेमानं नाही. रस्त्यावर कुणी चालत येताना दिसलं की ती हात पुसत खिडकीशी यायची. फेरीवाला, भिकारी, कुणीही असो. मरताना तिनं मला सांगितलं की खाट दाराकडं कर.

तुमचा मजकूर वाचला. 'माझ्या थोर मालकीणबाई धीरोदात्तपणे उभ्या राहिल्या' असं त्यात आहे. मला ते उतरवून काढायला अर्धा तास लागेल. करीन. खोट्याची मला सवय आहे, ती तुमच्याच घरात लागली. पण आधी टायटस, मग सही. माझ्या आईनं आधी काम केलं आणि मग मागितलं. मी तसं करणार नाही.

तुम्हाला माहीत आहे असं मला वाटतं. का वाटतं ते सांगता येत नाही. 'मला काही माहीत नाही' असं लिहिताना तुमचं अक्षर लहान झालं आहे.

हेस्टर टॉलिव्हर

---

सॉरेल ग्रोव्ह
११ जून १८८८

हेस्टर,

कमिटीची शेवटची बैठक पुढच्या महिन्यात आहे.

लुइझियानात रेड नदीच्या काठी अलेक्झांड्रिया म्हणून गाव आहे, तिथं चौकशी कर. नाव टायटस टेंपल. गवंडीकाम करतो, निदान एके काळी करत होता. आईच्या बोलण्यात हे एकदा आलं होतं, ते आत्ता आठवलं. इतक्या वर्षांनी तो असेलच असं नाही. त्या भागात तापाची साथ दर उन्हाळ्यात येते. फार आशा धरू नकोस.

आता माझं काम कर.

ऑगस्टा क्वार्ल्स

---

झिनिया
१८ जून १८८८

मिस ऑगस्टा,

सोबत सही केलेला मजकूर आहे. शब्दही बदललेला नाही. इलायसनं, माझ्या नवऱ्यानं, वाचला आणि तो उठून भट्टीवर गेला. जाऊ दे.

टायटसनं आईचं नाव लावलं आहे. टेंपीचा म्हणून टेंपल. तुमचं पत्र आलं तेव्हा दुकानात एक बाई टोपी घालून आरशापुढं उभी होती. मी तिला तशीच सोडून मागच्या खोलीत गेले आणि पडद्याच्या कापडात तोंड खुपसून रडले. ती बिचारी हाका मारून थकली आणि टोपी ठेवून गेली.

तुमच्याशी मी फार कडक बोलले. तुम्ही सांगितलंत, तुमच्या आईनं सांगितलं नव्हतं. हे मी विसरणार नाही. तुमचे आभार मानते, आणि मनापासून मानते.

हेस्टर

---

सॉरेल ग्रोव्ह
३० जुलै १८८८

प्रिय हेस्टर,

काम झालं. काल बैठकीत न्यायाधीशसाहेबांनी तुझी साक्ष स्वतः उभं राहून वाचली. 'माझ्या थोर मालकीणबाई' इथं आल्यावर त्यांचा आवाज भरून आला. दोन बायका डोळे पुसत होत्या. मिसेस स्टॉलिंग्ज पंख्यानं वारा घेत छताकडे बघत होत्या. शेवटी त्यांनाच ठराव मांडावा लागला. आमचं प्रकरण आता पुस्तकात तिसरं येणार, स्टॉलिंग्जांच्या आधी. तुझी साक्ष चौकटीत छापणार आहेत. शिवाय नोव्हेंबरात आमच्या दाराशी एक पितळी पाटी बसवायची ठरली आहे, आईच्या नावाची.

तुला वाटत असेल, म्हातारीला कसलं एवढं कौतुक. पण हेस्टर, बाजारात गेलं की मागं कुजबुज ऐकू यायची, ती बंद झाली. तुझ्यामुळे. लहानपणी आपण दोघी सायकामोरच्या झाडाखाली बाहुल्यांचा संसार मांडायचो, ते दिवस डोळ्यांपुढे आले.

तिकडं काही कळलं का? नसेल कळलं तर मनाला लावून घेऊ नकोस. काही गोष्टी न कळलेल्याच बऱ्या.

तुझी,
ऑगस्टा

---

अलेक्झांड्रिया, लुइझियाना
१४ सप्टेंबर १८८८

ऑगस्टा,

इथं पोचल्यावर मी विटांच्या भट्टीवर विचारलं. त्यांनी नदीकडं बोट दाखवलं. आमच्या लोकांच्या चर्चची नवी भिंत चढत होती. वर फळीवर एक माणूस उभा होता, केस पिकलेला, पाठ माझ्याकडं. तो वळला आणि मला तुमच्या दिवाणखान्यातलं कर्नलसाहेबांचं चित्र दिसलं. तोच जबडा, तशीच डावी भुवई वर.

'कुणाकडं आलात बाई?'

'टायटसकडं. सॉरेल ग्रोव्हच्या टेंपीच्या मुलाकडं.'

त्यानं हातातली वीट लावली, थापीनं कड पुसली, मग म्हणाला, 'टेंपी वारली. फार दिवस झाले. तुम्ही ओळखत होतात तिला?'

'वारली हे तुला कुणी सांगितलं?'

'मीच जाऊन विचारून आलो होतो. मोकळीक मिळाल्यानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात. इथून निघालो, कधी बोटीनं, बरंचसं पायी. घरच्या लेकीनं सांगितलं. आई गेली आणि बहीणही गेली, तापानं, एकाच आठवड्यात.'

मी म्हटलं, 'मीच ती बहीण.'

त्याला राग आला. म्हणाला, 'बाई, कुणी पाठवलंय तुम्हाला? असली थट्टा करू नये.' आणि पुढची वीट उचलली. मी खालून म्हटलं, 'तू मला बेडकी म्हणायचास. मी तोंड उघडं टाकून झोपायची म्हणून.' वीट त्याच्या हातातच राहिली. मग तो फळीवरच खाली बसला, पाय सोडून, लहान पोरासारखा. किती तरी वेळ त्याला उतरता येईना. खालच्या माणसांनी धरून उतरवला.

तो तुझ्या दारी आला त्या दिवसाचं सगळं त्यानं मला सांगितलं आहे, आणि ते तुलाही माहीत आहे. तरी लिहिते. तुझ्या इतिहासात हे नाही.

तो पुढच्या पायऱ्यांशी आला. मागच्या दारानं आला असता तर स्वयंपाकघर होतं. पण आता आपण मोकळे, पुढूनच जायचं, असं त्यानं वाटेतच ठरवलं होतं. तू बाहेर आलीस. त्यानं नाव सांगितलं, नवं आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, धंदा सांगितला. विचारलं, 'मिस ऑगस्टा, माझी आई कुठाय?' तू जरा थांबलीस. मग म्हणालीस, 'अरेरे, टायटस, तुला कळलं नाही का?' त्याला पायरीवर बसवलंस. आत गेलीस आणि ताटली घेऊन आलीस. मक्याची भाकरी, काकवी, पेलाभर ताक.

तो म्हणतो, 'भाकरी तोंडात घातली आणि मनात म्हटलं, त्या बाजूच्या सगळ्याच बायका अशीच करतात वाटतं. दोन खाल्ल्या. एक खिशात घातली. ती लेक उभीच होती. म्हणाली, आता नीघ, अजून घरात तापाची माणसं आहेत.'

त्या उन्हाळ्यात तुमच्या घरात भाकरी कोण भाजत होतं, हे मी तुला सांगायला नको. ती ताटली तू तिच्याच पुढून उचललीस. तिनं विचारलंही असेल, कुणासाठी म्हणून. काय सांगितलंस? मी नदीवर होते, तुमच्या चादरी धूत.

त्यानंतर सहा वर्षं ती जगली. दर नाताळाला ती तुझ्यासमोर यायची, एप्रनला हात पुसत. 'मिस ऑगस्टा, माझ्या टायटसचं काही कळलं का?' तू म्हणायचीस, 'नाही गं, टेंपीमावशी.' मी ते कानांनी ऐकलं आहे. एका नाताळाला तू तिच्या खांद्यावर हात ठेवला होतास. ती मला मागाहून म्हणाली, पोरगी मनानं चांगली आहे.

जूनमध्ये तुझं पत्र वाचून मी आभार मानले. टेंपल हे नाव त्यानं मोकळीक मिळाल्यावर घेतलं. मग विकला गेलेल्या पोराचं ते नाव तुझ्या आईला कसं ठाऊक असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नाही. आनंदात माणूस आंधळं होतं.

टायटसला पाच मुलं आहेत. थोरलीचं नाव टेंपी. काल संध्याकाळी त्यानं मला विचारलं, आई नक्की कधी गेली. मी वर्ष सांगितलं. तो बोटांवर मोजायला लागला, मध्येच थांबला आणि उठून बाहेर गेला.

हेस्टर

---

सॉरेल ग्रोव्ह
५ ऑक्टोबर १८८८

हेस्टर,

तू मला 'तू' म्हणावंस इथवर वेळ आली. ठीक आहे.

त्या दिवशी माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस ते सांग. आईला झटका येऊन तिचं अर्धं अंग गेलं होतं. घरात दुसरं माणूस नव्हतं. मला चूल पेटवता येत नव्हती, मला ते कुणी शिकवलंच नव्हतं. टायटस दारात उभा राहिला आणि मला एवढंच दिसलं की संध्याकाळपर्यंत टेंपीमावशी त्याच्याबरोबर निघून जाईल, तूही जाशील, आणि आम्ही दोघी त्या घरात उपाशी मरू. तोंडातून शब्द निघून गेले. एकदा निघाल्यावर मागं कसे घ्यायचे? उद्या सांगू, आई बरी झाल्यावर सांगू, असं करता करता राहून गेलं.

आणि त्याचा चेहरा. तो पायरीवर बसला होता आणि मागं दिवाणखान्यात वडिलांचं चित्र. मला त्याला तिथून घालवायचं होतं. त्याला पाहिलं असतं तर आईचं उरलेलं अंगही गेलं असतं.

पण मी त्याला उपाशी पाठवलं नाही. आणि पत्ता तुला मीच दिला. गप्प बसले असते तर तुला जन्मात कळलं नसतं. हे काहीच नाही का? त्याचं तिकडं चांगलं चाललं आहे, मुलंबाळं आहेत. म्हणजे त्याचं नुकसान झालं असंही नाही.

टेंपीमावशीला आम्ही आमच्या दफनभूमीत जागा दिली, भिंतीच्या आत. माझी आई गेल्यावर तिला टेंपीमावशीच्या वरच्या अंगाला ठेवलं, म्हणजे तुझी आई माझ्या आईच्या पायाशी आहे. या जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या घराण्यानं हे केलं आहे ते दाखव.

तू कमिटीला लिहिणार आहेस का? पुस्तक छापायला गेलं आहे. पाटी तेवीस नोव्हेंबरला बसते आहे. मी तुझ्या पाया पडते, हेस्टर. माझ्याकडे दुसरं काही नाही.

ऑगस्टा

---

अलेक्झांड्रिया
२२ ऑक्टोबर १८८८

ऑगस्टा,

कमिटीला मी लिहिणार नाही. सही मी टायटसच्या बदल्यात दिली. टायटस मिळाला. सौदा झाला तो पाळते. तुझ्या आईनं पाळला नव्हता.

पण माझी आई त्या सौद्यात नव्हती. तुझ्या आईच्या पायाशी ती खूप राहिली. तिला घ्यायला आम्ही येत आहोत, टायटस, त्याचे दोन मुलगे आणि मी. इलायस झिनियाहून येऊन स्टेशनवर भेटेल. तेवीस तारखेला तुझ्याकडं पाहुणे असतील, तर आम्ही त्याच दिवशी येऊ. लोकांच्या देखत कुणी आम्हाला हाकलणार नाही. तू बाहेर यायचं कारण नाही. टायटसला तुझ्याशी बोलायचं नाही. मी विचारलं होतं.

हेस्टर

---

सॉरेल ग्रोव्ह
१८ डिसेंबर १८८८

हेस्टर,

तू उत्तर देशील असं वाटत नाही, तरी लिहिते आहे.

तुमची गाडी फाटकातून आत आली तेव्हा पाटीवरचा पडदा नुकताच ओढला होता. सगळी मंडळी अंगणात होती. तुम्ही कुणाकडं न बघता दफनभूमीकडं गेलात. न्यायाधीशसाहेबांच्या पत्नीनं विचारलं, 'हे कोण?' माझ्या तोंडून निघालं, 'आमचे जुने नोकर. या घरावर त्यांचा फार जीव. कबरीचं दर्शन घ्यायला आले आहेत.' तिला गहिवरून आलं. 'हीच का ती हेस्टर, साक्षीतली?' मी हो म्हटलं. मग सगळ्या बायका दिवाणखान्यात जाऊन खिडकीतून बघत राहिल्या. तुम्ही खणायला लागलात तेव्हा मी सांगितलं की टेंपीमावशीला तिच्या मुलाजवळ पुरायचं आहे, आणि आम्ही मोठ्या मनानं परवानगी दिली आहे. हेही आता पुस्तकात शेवटी घालणार आहेत. मी नाही म्हणू शकले नाही.

मिसेस स्टॉलिंग्ज तेवढ्या खिडकीपासून हलल्या नाहीत. टायटस पेटी खांद्यावर घेऊन वळला तेव्हा त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, मग मागं वळून भिंतीवरच्या चित्राकडं पाहिलं. मला म्हणाल्या, 'तुमचे वडील मला चांगले आठवतात, ऑगस्टा.' आणि चहा न घेता निघून गेल्या.

आता कामाचं. खड्डा तसाच उघडा आहे. आईच्या पायाशी. पाऊस होऊन त्यात पाणी साचलं, आणि आईच्या कबरीची कड त्यात ढासळते आहे. शेतावरच्या जेरेमायाला भरायला सांगितलं तर तो म्हणाला, 'बाई, हे माझ्या कामात येत नाही.' त्याच्या भावाला सांगितलं, तो हसला. गावातून माणूस बोलावला, तो आला, खड्डा बघितला, कुणाचा म्हणून विचारलं आणि परत गेला. त्यांना सगळं कळलेलं दिसतं. तू त्यांना दोन ओळी लिहिल्यास तर ते ऐकतील. एवढं कर. पुन्हा काही मागणार नाही.

ऑगस्टा

---

झिनिया
४ जानेवारी १८८९

ऑगस्टा,

टायटस नाताळाला इथं आला होता. तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला की खड्डा भरायला फावडं तो मुद्दाम मागं सोडून आला. भिंतीच्या आतल्या बाजूला टेकवून ठेवलं आहे, फाटकाजवळ. माती बाजूलाच आहे, मोकळी आहे, बाईमाणसाला उचलेल. आधी पाणी उपसावं लागेल. भरताना थोडी थोडी टाकून पायानं दाबायची, नाही तर पुन्हा खचते.

सगळी भरलीस तरी माती थोडी कमी पडेल, पेटीएवढी, असं तो म्हणतो. लागेल तेवढी तिथूनच कुठून तरी आण.

हेस्टर टॉलिव्हर